साठ भाकऱ्यांचं सरपण

बायजाबाईने पहार फळीखाली घालून अंगाचा सगळा भार टाकला, तर खिळा जागचा हलला नाही आणि फळी मात्र मधोमध चिरली. "मोडायचंच होतं तर आधी सांगायचं," ती फळीवर करवादली आणि दुसरी ओढली.

भाद्रपद सरत आला तरी पाऊस उघडायचं नाव घेत नव्हता. महापेच्या कारखान्यांमागे, डोंगराच्या उतारावर ही वस्ती. खालच्या एका कंपनीच्या गेटवरचा म्हातारा वॉचमन इतकी वर्षं माल ठेवायची मोडकी लाकडी पॅलेट वस्तीतल्या बायांना नेऊ द्यायचा. गणपतीनंतर तिथे टेम्पो यायला लागला आणि भुश्यासकट सगळं उचलून न्यायला लागला. बायजाबाईकडे आता शेवटच्या सात-आठ फळ्या उरल्या होत्या. एरवी कोयता आणि चुंबळ घेऊन डोंगर चढायचा, सुबाभळीच्या फांद्या तोडायच्या, मोळी डोक्यावर घेऊन निसरड्या वाटेने उतरायचं आणि ते ओलं लाकूड पत्र्याखाली उभं करून वाळायची वाट बघायची. आधी पाठ ओली व्हायची, मग लाकूड वाळायचं. एक दिवसाआड हा उद्योग ठरलेला होता.

सरपण लागायचं ते भाकऱ्यांना. कोपरखैरण्याच्या एका मेसला ती रोज साठ ज्वारीच्या भाकऱ्या देत होती. हरेश मेसवाला सकाळी साडेनऊला रिक्षा पाठवायचा. परभणीकडची पोरं कंपन्यांमध्ये कामाला होती, ती तिची भाकरी ओळखून मागत. एकदा ती तापाने पडली तेव्हा हरेशने दुसरीकडून भाकऱ्या आणल्या, तर दोघं-तिघं ताटावरून उठून गेले म्हणे. ही गोष्ट बायजाबाई स्वतः कुणाला सांगायची नाही. पण दुसऱ्याने सांगायला घेतली, तर हातातलं काम टाकून शेवटपर्यंत ऐकायची.

गंमत अशी की ज्या चुलीवर या भाकऱ्या व्हायच्या, ती चूल तिच्या घरात नव्हती. शेजारच्या सोनमच्या घरामागे, नाल्याच्या अंगाला, चार बांबूंवर टाकलेल्या पत्र्याखाली ती लपवलेली होती. सगळ्या वस्तीला हे माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त बायजाबाईच्या मुलाला, सुगतला.

सुगत आयटीआय करून इलेक्ट्रिशियन झाला होता. इमारतींच्या गच्च्यांवर सोलरचे पॅनल बसवायचं काम करायचा. पहिल्या पगारात त्याने आईला गॅस आणून दिला. तेवढ्यावर थांबला असता तर बरं होतं. चौदा एप्रिलला विहारासमोर माईक हातात आला तेव्हा तो सगळ्या वस्तीसमोर म्हणाला, "माझ्या आईच्या डोळ्यांतला धूर मी बंद केला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायजाबाईने पदराने डोळे पुसले आणि दुसऱ्या दिवशी घरातली चूल मोडली. गॅसवर तिने सहा दिवस भाकऱ्या केल्या. सातव्या दिवशी हरेशने फोन करून विचारलं, "मावशी, पीठ बदललं का?" आठव्या दिवशी सोनमच्या घरामागे नवी चूल मांडली गेली. वरण-भात, चहा गॅसवर. भाकऱ्या चुलीवर. सुगत साडेसहाला कामावर जायचा, त्यानंतर जाळ व्हायचा.

"अगं ए! हिकडं ये!" पुढच्या दाराकडून सितारामची हाक आली. "सरकारी बाई आलीया!"

सिताराम म्हणजे तिचा नवरा. दगडखाणीत कामाला होता. तिथे पायावर दगड आला, तेव्हापासून तो दारातल्या खुर्चीत असायचा. ज्वारी निवडायची, पीठ चाळायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायचं ही त्याची कामं. त्यातलं तिसरं तो सगळ्यात मन लावून करायचा.

आलेली मुलगी चोवीस-पंचवीसची होती. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, खांद्याला पिशवी आणि गुडघ्यापर्यंत चिखल.

"जयभीम काका. मी संघमित्रा, खांदेश्वरहून आलेय. घरात वीज, गॅस, लाकूड काय काय वापरतात, त्याचा सरकारी सर्व्हे आहे. या वस्तीतली बारा घरं निवडलीत, त्यात तुमचं आहे."

"निवडलंय?" सिताराम खुर्चीत सरळ झाला. "ऐकलं का गं? निवडलंय आपलं घर."

बायजाबाईने हात पदराखाली घेतले. तळव्यात फळीची कुसळं गेली होती.

"दिवे किती आहेत काका?"

"तीन. पंखे दोन. टीव्ही एक. फ्रिज न्हाई, पर पोरगा घेनार हाय, लिवून ठेव."

"घेतल्यावर लिहू. स्वयंपाक कशावर करता?"

"ग्यास."

"अजून काही? लाकूड, गोवऱ्या, रॉकेल?"

"ग्यास म्हंजी ग्यास! पोराच्या पहिल्या पगाराचा हाय."

"आंघोळीचं पाणी?"

"ग्यास."

"इस्त्री?"

"ग्यास," सिताराम म्हणाला आणि मग स्वतःच थबकला. संघमित्रा हसली, बायजाबाईलाही हसू आलं.

"बरं, सरपण गोळा करायला घरातल्या बाईमाणसाचा रोज किती वेळ जातो? मिनिटांत सांगा."

"शून्य. ग्यास असल्यावर सरपण कशाला लागतंय?"

मुलीने टॅबवर बोट टेकवलं. बायजाबाईच्या डोळ्यांसमोर शून्य उमटलं, गोल आणि रिकामं.

"मावशी काय काम करतात?"

"ती घरीच असती. काय न्हाई करत."

तेही लिहिलं गेलं. बायजाबाई पहाटे साडेचारपासून उभी होती. तिच्या मनगटांना अजून पिठाचा थर होता. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. आपण बोललो तर चूल बाहेर येणार, आणि चूल बाहेर आली की माईकवर बोललेलं पोरगं सगळ्यांसमोर खोटं ठरणार. शून्य तर शून्य, ती मनाशी म्हणाली. पण ते शून्य डोळ्यांसमोरून हलेना.

मग संघमित्राने पिशवीतून लटकता काटा काढला. गॅसच्या टाकीचं वजन करायचं होतं. आढ्याच्या वाशाला काटा अडकवून झाला, पण टाकी काही तिला उचलेना. बायजाबाईने तिला बाजूला केलं, टाकीच्या कड्यात हात घातला आणि एका दमात ती आकड्याला लावली.

"बापरे, मावशी!"

"खाणीत खडीच्या पाट्या उचलल्यात तिनं," सिताराम म्हणाला. "गडी मागं राहायचे."

"तेवीस किलो चारशे," संघमित्राने वाचलं. "उद्या याच वेळेला येऊन परत वजन करते. म्हणजे एका दिवसात किती गॅस जळतो ते कळतं. रोजच्यासारखाच वापरा हां, जास्त नको, कमी नको."

ती गेल्यावर बायजाबाई नवऱ्यासमोर उभी राहिली. "काय न्हाई करत मी?"

सितारामने नजर चुकवली. "भाकऱ्या सांगितल्या तर ती इचारनार, कशावर करता. मंग? काय सांगू तिला?"

बायजाबाईने पहार उचलली आणि ती परत फळ्यांकडे वळली.

दुपारी सोनम आली ती घाबरूनच. तिशीतली बाई, दोन लेकरांची आई, आणि वस्तीतली प्रत्येक बातमी तिच्या घरावरूनच पुढे जायची. "आत्या, माझ्याकडं पण आलती ती. मी पण गॅसच सांगितलं. खालच्या गल्लीत म्हणतायत, लाकूड लिवलं की गॅसचं कार्ड बंद. तुमी एक करा, रातच्याला गॅस मोकळाच पेटवून ठेवा. वजन कमी भरलं की झालं, टेन्शन नाय."

"मोकळा?" बायजाबाई म्हणाली. "वर तवा न्हाई, भगुनं न्हाई, आन जाळ पेटवू? माज आलाय का मला?"

तरी तिच्या डोक्यात ते राहिलंच. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी सुगत पांढरा शर्ट घालून विहारात मुलांचा वर्ग घ्यायला गेला, तशी ती काठवट घेऊन गॅससमोर बसली. आज भाकऱ्या यावरच करायच्या. वजन खरोखर उतरेल, मुलगी लिहून घेईल, कुणाचं काही जाणार नाही.

पीठ मळताना हात नेहमीसारखा चालला. भाकरी थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. मधे डाग पडले, कडा पांढऱ्याच राहिल्या. तिने तवा सरकवला, फिरवला, ज्योत मोठी केली, बारीक केली. भाकरी फुगली, पण अर्धीच. चुलीशी असताना तिला बघावंही लागायचं नाही. जाळाची धग मनगटाला लागली की कळायचं, आता उलटायची, आता निखाऱ्यांच्या आरावर उभी करायची. इथे मनगटाला काही कळत नव्हतं. गॅसवर लोक भाकरी करतात, चांगली करतात. पण तिची होत नव्हती.

बारा भाकऱ्या झाल्यावर तिने एक मोडून बघितली, वास घेतला आणि गॅस बंद केला.

"काय झालं?" सितारामने चाळणी थांबवली.

"ह्या आपन खाऊ. पोरांच्या ताटात ह्या जानार न्हाईत." तिने काठवट उचलून कमरेवर घेतली. "वजनाचं काय व्हायचं ते होऊ दे."

सोनमच्या घरामागे तिने चूल पेटवली. लाकूड ओलसर होतं, धुराने डोळे भरले, नाक वाहायला लागलं. फुंकणी मारून मारून गाल दुखले. पण जाळ धरला आणि पहिली भाकरी आरावर टम्म फुगून उभी राहिली, तेव्हा तिला इतकं बरं वाटलं की ती एकटीच हसली. साडेनऊला रिक्षा आली तेव्हा साठ भाकऱ्या कापडात बांधून तयार होत्या.

अकराला संघमित्रा आली. सुगतही तेवढ्यात विहारातून परतला होता. सरकारचा सर्व्हे, आपलं घर निवडलेलं आणि तोही गॅसबद्दल, हे कालपासून बापाच्या तोंडून ऐकून त्याची छाती आधीच फुगलेली होती. टाकी त्याने स्वतः आकड्याला लावली.

"तेवीस किलो शंभर," संघमित्रा म्हणाली. "तीनशे ग्रॅम. तीन माणसांच्या घराला बरोबर आहे. झालं काका, फक्त सही राहिली."

बायजाबाईने श्वास सोडला. निभावलं होतं. सगळं जिथल्या तिथे बसलं होतं.

"तीन माणसांचं कुठं, मॅडम?" सुगत हसत म्हणाला. "आई रोज साठ भाकऱ्या करते मेसला! साठ! तरी आमची टाकी दोन महिने जाते. कंपनीत कुणाला सांगितलं तर पटत नाय. आमच्या आईची ज्योत ठेवायची टेक्निकच वेगळी आहे."

सितारामने कपाळाला हात लावला.

संघमित्राचं बोट टॅबवर थांबलं. "साठ? काल काका म्हणाले, मावशी काही करत नाहीत."

"बाबा!" सुगत बापाकडे वळला. "असं कसं सांगितलं? आईच्या भाकरीला पूर्ण कोपरखैरण्यात..."

"दादा, एक मिनिट." तिचा आवाज हळू झाला. "साठ भाकऱ्यांना दोन तास तरी ज्योत लागणार. म्हणजे नुसत्या भाकऱ्यांनाच चारशे-पाचशे ग्रॅम गॅस. टाकी तीन आठवडेसुद्धा जाणार नाही. आणि इथे सगळं धरून तीनशे भरलाय."

सुगतने बोलायला तोंड उघडलं. पण तो वायरिंगचा हिशेब रोज करणारा मुलगा होता. तास, ज्योत, ग्रॅम, दिवस हे सगळं त्याच्या डोक्यात आपोआप मांडलं गेलं आणि त्याचा चेहरा उतरत गेला. त्याने आईकडे पाहिलं. तिच्या पापण्या सुजलेल्या होत्या, डोळे लाल होते. हे तो रोजच बघत होता, आज त्याला दिसलं.

"दोन्ही गोष्टी मी लिहू शकत नाही," संघमित्रा म्हणाली. तिलाच अवघडल्यासारखं झालं होतं. "वर तपासणीत अडकतं, फॉर्म चुकीचा म्हणून परत येतो. तुम्ही म्हणाल तर भाकऱ्यांचं नको लिहायला. घरापुरतंच ठेवू. मग सगळं जुळतं."

सुगत खाली बघत होता. मग तो पुटपुटला, "ठीक आहे. भाकऱ्या काढून टाका."

बायजाबाई उठली.

"भाकऱ्या काढायच्या न्हाईत," ती म्हणाली. "बाकी काय काढायचं ते काढ. चल माझ्यासंगं, पोरी. सुगत, तूबी चल."

नाल्याच्या कडेच्या वाटेवरून ती पुढे, तिच्या मागे दोघं आणि सगळ्यांत मागे काठी टेकत सिताराम, अशी ती वरात सोनमच्या घरामागे गेली. सोनम मागच्या दारात भांडी घासत होती, ती हातातल्या राखेसकट उभी राहिली. पत्र्याखाली चूल अजून धुमसत होती. बाजूला फुंकणी, तवा, काठवट आणि उद्याची मोळी.

"ही घे चूल," बायजाबाई म्हणाली. मग मुलाकडे वळली. "चूल मोडली म्हनून तुला सांगितलं, ते अर्धं खोटं. घरातली मोडली, हितं मांडली. तू सगळ्यांम्होरं बोलून बसला व्हतास, तुझा शब्द खाली पडू नये म्हनून लपवली. पर भाकऱ्या खऱ्या हायेत, लेकरा. त्या कशा काढून टाकता?"

"आई, मी फक्त..."

"तुझी आयटीआयची फी, तुझी बुटं, तुझी पयली पक्कड, समदं ह्या जाळावर झालं. धूर जातो डोळ्यात, न्हाई म्हनत न्हाई मी. पर मला हिची लाज न्हाई वाटली कधी. लाज वाटली ती काल. तिनं इचारलं किती वेळ जातो, आन आपल्या घरातनं आवाज आला शून्य."

सिताराम काठीकडे बघत राहिला. "चुकलंच माझं," तो म्हणाला. संसाराच्या बावीस-तेवीस वर्षांत असं तो क्वचितच म्हणाला असेल.

संघमित्राने डोळे टिपले. धूर होताच, त्यामुळे नेमकं कशाने ते कुणाला विचारावं लागलं नाही. मग तिने काटा काढला. "मावशी, कार्डबिर्ड काही बंद होत नाही हां, ती अफवा आहे. जे आहे ते लिहायचं, एवढंच माझं काम. साठ भाकऱ्यांना जेवढं लाकूड लागतं तेवढं वेगळं काढाल?"

बायजाबाईने मोळीतून लाकडं काढली. मोजली नाहीत, नुसती हाताने तोलून ढीग केला आणि काथ्याने बांधला. ती उचलायला वाकली, तेवढ्यात सुगत मधे आला. त्याने एका हाताने ओढलं, चिखलात घसरला, मग दुसरा हात लावला, मग गुडघा टेकला. बांबूला लावलेल्या काट्यावर त्याने ओझं चढवलं तेव्हा त्याच्या पांढऱ्या शर्टाची वाट लागली होती.

"अकरा किलो आठशे," त्याने वाचलं. "एका दिवसाचं?"

"एकाच दिवसाचं."

"आणि तू दोन दिवसांचं एकदम आणतेस. डोंगरावरून." तो आता मनातल्या मनात दुप्पट करत होता. "या चिखलातून."

"उडत थोडीच आनते?" बायजाबाई म्हणाली, आणि सोनम फस्सकन हसली.

सुगत हसला नाही. त्याने काट्याकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि मग मोठ्याने, पार वरच्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "लिहा मॅडम. अकरा किलो आठशे! माझ्या आईचं रोजचं!"

मग वेळेचा प्रश्न पुन्हा आला. बायजाबाईने बोटांवर मोजायला घेतलं. चढायचं, तोडायचं, बांधायचं, उतरायचं. वाळत घालायचं, फोडायचं. फळ्या असल्या तर खिळे काढायचे. तिने कधी हे मोजलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं, म्हणून ती मधेच अडखळायची, परत पहिल्यापासून सुरू करायची. संघमित्राने घाई केली नाही. सगळं धरून रोजची दीडशे मिनिटं झाली.

"आणि भाकऱ्या करायला?"

"साडेचारला उठते. नवापस्तोर."

"काम काय लिहू? गृहिणी काढते मी."

"भाकरीचा धंदा," सुगत म्हणाला. "व्यवसाय, स्वतःचा. असा रकाना आहे ना?"

"आहे."

तोवर तो पत्र्याखाली वाकून वर बघत होता. पत्रा खालच्या बाजूने काळाकुट्ट झाला होता, धूर जायला वाट नव्हती. त्याने बोटाने काजळी खरवडली. "इथून एक पाईप वर काढला तर सगळा धूर वर जाईल. साइटवर तुकडे पडलेले असतात, सुपरवायझरला विचारतो. चूल मात्र वीतभर मागे घ्यावी लागेल."

"चुलीला हात लावायचा न्हाई," बायजाबाई म्हणाली. "पाईप तू म्होरं आन."

"बरं. पाईप पुढे."

"मंग चालंल."

शेवटी सही आली. सितारामने सवयीने हात पुढे केला, पण संघमित्राने टॅब बायजाबाईसमोर धरला. "उत्तरं यांनी दिलीत, सही यांची. या चौकटीत बोटाने नाव लिहायचं, मावशी."

बायजाबाईने हात धुतले, पदराला पुसले आणि काचेवर बोट ओढलं. काही उमटलं नाही. तिने परत ओढलं. काच कोरीच. तीस वर्षं तापल्या तव्यावर टेकून टेकून बोटाचं टोक निबर झालं होतं, त्या काचेला ते बोट लागल्याचंच कळत नव्हतं.

"होतं असं कधी कधी," संघमित्रा घाईने म्हणाली. "दादांची सही चालेल, घरातल्या कुणाचीही चालते."

"चालणार नाही," सुगत म्हणाला. "तीच करेल."

त्याने आपली बाटली उघडून आईच्या बोटावर थेंबभर पाणी टाकलं. तिने ते पदराला हलकेच टिपलं, भाकरीला पाणी फिरवताना बोट ठेवते तसं अलगद काचेवर ठेवलं आणि दाबलं. काळी रेघ उमटली. तिने श्वास धरला आणि 'बा' काढला, मग 'य'. 'जा' चौकटीच्या कडेपर्यंत पोचला. अजून अर्धं नाव आणि अख्खा सिताराम बाकी होता.

"जागा संपली गं," ती म्हणाली.

"लिहा मावशी. बाहेर गेलं तरी मी घेते," संघमित्रा म्हणाली.

सोनम, सिताराम, सुगत, सगळे वाकून बघत होते. बायजाबाईने बोट परत ओलं केलं.

"सावकाश लिही, आई," सुगत म्हणाला. "पूर्ण नाव लिही."